ईडिपसचे काय चुकले?

संशोधनपर निबंधाचा विषय ठरवणारा माणूस पुष्कळदा त्याचे उत्तरही विषयातच घालून देतो. 'अमक्याच्या काव्यातील निसर्गप्रेम' असा विषय आला की निसर्गप्रेम आहे हे ठरलेलेच असते. लिहिणाराने फक्त दाखले गोळा करायचे. १९८१ साली एका चर्चासत्रासाठी माझ्याकडे असाच एक विषय आला. 'ईडिपस राजाचा शोकात्म दोष.' दोष आहे, हे विषय ठरवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. तो कोणता आणि नाटकात कुठे कुठे दिसतो, एवढेच मला वीस पानांत सांगायचे होते. मुदत तीन महिन्यांची होती.

मी तेव्हा साताऱ्याला शिकवीत होते. सुटी मिळाली की सकाळच्या एसटीने पुणे गाठायचे, जयकर ग्रंथालयात दिवसभर बसायचे आणि रात्री परत यायचे, असा क्रम सुरू झाला. टिपणे काढायला मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरीत असे. घरी त्यांना तोटा नव्हता.

सोफोक्लीजच्या या नाटकाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, तरी पुढच्या बोलण्यासाठी ती एकदा सांगितली पाहिजे. थीब्जचा राजा लायस याला देववाणी होते, की तुला तुझ्या मुलाच्या हातून मरण येईल. मुलगा होतो. त्याचे घोटे टोचून बांधतात आणि डोंगरावर टाकून देण्यासाठी त्याला एका मेंढपाळाच्या हाती देतात. मेंढपाळाला ते पोर टाकवत नाही. तो ते कॉरिंथच्या दुसऱ्या मेंढपाळाला देतो आणि तेथल्या निपुत्रिक राजाराणीच्या घरी ते वाढते. सुजलेल्या पायांवरून त्याचे नाव ईडिपस पडते. मोठेपणी एका मेजवानीत कोणी झिंगलेला माणूस त्याला, तू बापाचा खरा मुलगा नव्हेस, असा टोमणा मारतो. ईडिपस डेल्फीला विचारायला जातो. देव विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, एवढे मात्र सांगतो. आपल्या हातून आईबापांना अपाय होऊ नये म्हणून ईडिपस कॉरिंथकडे पाठ फिरवतो. तीन रस्ते मिळतात तिथे रथातल्या एका म्हाताऱ्याशी वाटेवरून त्याची झटापट होते आणि म्हातारा मरतो. पुढे थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्सचे कोडे तो सोडवतो. लोक त्याला राजा करतात आणि विधवा राणी योकास्ता त्याची बायको होते.

हे सारे नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेले आहे. नाटकात नगरावर साथ आलेली आहे. लायसचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही असा देवाचा निरोप आहे, आणि खुनी शोधण्याचे काम ईडिपसने अंगावर घेतले आहे. तपासाअंती जो सापडतो तो तो स्वतःच.

पहिल्या महिन्यात माझ्या टिपणांच्या तीन गड्ड्या झाल्या. प्रत्येकीला दोरा बांधून वर नाव लिहिले: राग, गर्व, जिज्ञासा. पुस्तकांत ईडिपसचे जे दोष सांगितलेले सापडत होते ते बहुतेक या तिहींत मावत होते.

राग त्याच्या अंगी आहेच. आंधळा द्रष्टा टायरेसिअस बोलायला तयार होत नाही, तेव्हा ईडिपस त्याच्यावर भडकतो. मेहुणा क्रेऑन याच्यावर कटाचा आळ घेतो. त्या तिठ्यावरही त्याने रागाच्या भरात हात उचलला. पण तिठ्यावर आधी त्याला ढकलले कोणी? सारथ्याने. त्याच्या डोक्यात परोणा कोणी घातला? रथातल्या म्हाताऱ्याने. एकटा पायी चाललेला माणूस अशा वेळी जे करील तेच त्याने केले. टायरेसिअसवरचा आणि क्रेऑनवरचा राग तर पुष्कळ नंतरचा आहे. खून होऊन गेला, लग्न होऊन चार मुले झाली, आणि मग हा राग आला. कार्य आधी आणि कारण मागाहून, असे तर्कशास्त्रात चालत नाही. समीक्षेत का चालावे?

गर्वाची गड्डी सर्वांत जाड होती. ईडिपसला आपल्या बुद्धीचा भरवसा वाटतो हे खरे. पण नाटकाच्या आरंभी नगरातले पुजारी आणि मुलेबाळे त्याच्या दाराशी येतात, ती त्याला देव मानून नव्हे. माणसांत श्रेष्ठ म्हणून येतात. आणि त्यांनी गाऱ्हाणे सांगण्यापूर्वीच त्याने क्रेऑनला डेल्फीला धाडलेले असते. प्रजेच्या दुःखाने ज्याला झोप नाही अशा राजाला गर्विष्ठ म्हणणे मला जड जाऊ लागले. शिवाय गर्व असला काय, नसला काय, त्याने कोणी नकळत आईशी लग्न करीत नाही.

जिज्ञासा उरली. योकास्ता त्याला विनवते, की पुरे, आणखी विचारू नकोस. म्हातारा मेंढपाळही गयावया करतो. तरी तो थांबत नाही. पण तो थांबला असता तर? गावात माणसे मरतच राहिली असती. शिवाय शोधामुळे पाप घडले नाही. घडलेले उजेडात आले. दिवा लावणाऱ्यावर अडगळीचा आळ घालण्यासारखेच ते झाले असते.

एवढे झाल्यावर मी मूळ शब्दाकडे गेले. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे मराठी भाषांतर १९५७ साली केले होते. ते आणि दोन इंग्रजी भाषांतरे मी शेजारी शेजारी ठेवून तेरावे प्रकरण वाचले. ज्या शब्दावर हा दोषाचा इमला उभा आहे तो ग्रीक शब्द म्हणजे 'हमार्तिया'. त्याचे क्रियापद होमरच्या काव्यात फेकलेला भाला नेमावर बसला नाही, अशा अर्थी येते. पुढे कित्येक शतकांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांत हाच शब्द 'पाप' या अर्थाने रुळला. नेम चुकणे आणि पाप करणे यांत केवढे अंतर आहे! आणि त्याच प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो, की करुणा वाटते ती ज्याच्या वाट्याला योग्यता नसताना दुःख आले त्याच्याविषयी, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसाचे तसे झालेले पाहून. योग्यता नसताना! मग त्या दुःखाला साजेसा दोष नायकाच्या अंगी शोधायचा तर करुणेचे मूळच उपटल्यासारखे होते. ऑक्सफर्डचे ग्रीकचे प्राध्यापक ई. आर. डॉड्स यांचा १९६६ सालचा एक लेख मला याच सुमारास मिळाला. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या उत्तरांवरून तो सुरू होतो. ईडिपसला शिक्षाच झाली असे मानणारी उत्तरे डॉड्स एकेक करून खोडून काढतात. आपण एकटेच रानात हिंडत नाही, एवढा धीर त्या लेखाने दिला.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा मात्र नाटकात नसलेल्या गोष्टीचा होता. सोफोक्लीजच्या आधी, इ. स. पू. ४६७ मध्ये, एस्किलसने याच घराण्यावर नाटके सादर केली होती. त्यांतले शेवटचे आज उपलब्ध आहे. त्यात लायसला देवाने बजावलेले असते, की मूल होऊ न देता मेलास तरच तुझे नगर वाचेल. लायस ते ऐकत नाही. म्हणजे बापाने आज्ञा मोडली, त्याचे फळ मुलानातवंडांनी भोगले, असा हिशेब तिथे जुळतो. सोफोक्लीजला हे माहीत नसणे शक्य नाही. पण त्याच्या नाटकातल्या देववाणीत 'जर' आणि 'तर' नाही. मुलाच्या हातून मरण येईल, एवढेच आहे. जो दोष आयता हाताशी होता तोच नाटककाराने उचलून बाजूला ठेवला. नाटककाराने काय लिहिले हे सगळे वाचतात; काय गाळले ते पाहणे हेच संशोधकाचे खरे काम, असे मला त्या दिवशी वाटले.

निबंध इथवर आला होता, पण पुढे सरकत नव्हता. दोष नाही, एवढे सिद्ध करून वीस पाने भरत नाहीत. दोष नाही तर मग काय आहे, हे सांगायला हवे होते.

पु. ल. देशपांडे यांचा मराठी अनुवाद 'राजा ओयदिपौस' १९७९ साली निघाला होता. त्याची प्रत मी माझ्या टेबलावर ठेवली होती. एके दिवशी महाविद्यालयातून आले तो ती आत्याच्या हातात. आत्या आमच्याच घरी असे. वय बासष्ट. दुपारी सुपारी कातरून झाली की हाताला लागेल ते वाचण्याची तिला सवय होती.

"ह्या राजाचं काय चुकलं ते शोधतेयस ना गं तू?" तिने विचारले. "सापडलं का?"

"तीन सापडली आहेत," मी म्हटले. "पण एकही पुरत नाही."

"माझी सात होती," आत्या म्हणाली.

तिचे लग्न १९३३ साली झाले. शारदा कायद्यात बसेल इतकी, म्हणजे चौदा वर्षांची, ती होती. आठ महिन्यांनी तिचा नवरा विषमज्वराने गेला. सासरच्या विहिरीचे पाणी त्या पावसाळ्यात गढूळ झाले होते आणि त्या आळीत आणखीही तिघे दगावले. त्या तापावरचे पहिले खरे औषध हाती यायला १९४८ साल उजाडायचे होते. पण सासरी विहिरीविषयी कोणी बोलले नाही. मुलगी पांढऱ्या पायाची, एवढेच बोलले गेले. दहाव्या महिन्यात आजोबा तिला घेऊन आले. हे आम्हां मुलांना तुटक तुटक माहीत होते. तिने मनात सात कारणांची यादी केली होती हे मात्र मला त्या दिवशी कळले.

गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडायचे असते; गडबडीत तिचा डावा पाय पुढे झाला होता. हळद लागताना ती कशाला तरी मोठ्याने हसली होती. लग्नाच्या आदल्या वर्षी हरतालिकेला तहान अनावर होऊन ती चोरून पाणी प्यायली होती. अशी एकेक करून तिने सातही सांगितली. सांगताना आवाजात रडे नव्हते. बोटांवर मोजून वाणसामान सांगावे तशी ती सांगत होती. बोटे सात झाल्यावर म्हणाली, "बरीच वर्षं ह्यांतलं कुठलं ते ठरवत होते. मग ठरवणं सोडलं. पण यादी विसरत नाही मेली."

मी काय बोलणार? चूल पेटवायला उशीर झाला असे म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने नाटक पुरते वाचून काढले आणि पुस्तक टेबलावर ठेवताना म्हणाली, "मला त्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं वाईट वाटलं. त्यानं पोर टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याला दया आली. मग दया केली हेच चुकलं म्हणायचं का?"

निबंधाला जे सापडत नव्हते ते मला इथे सापडले. मी पुन्हा नाटक घेऊन बसले आणि ईडिपसच्या नाशाची साखळी कडी कडी करून कागदावर मांडली. मेंढपाळाने पोर वाचवले, ती दया. कॉरिंथच्या राजाराणीने परक्याचे मूल पोटच्यासारखे वाढवले, ते वात्सल्य. आईबापांना आपल्यापासून भय नको म्हणून ईडिपसने घर सोडले, ती मातृपितृभक्ती. कोडे सोडवून त्याने एका परक्या नगराला जाचातून सोडवले, तो पराक्रम. साथीत मरणाऱ्या प्रजेसाठी खुनी शोधायला घेतला, ते राजकर्तव्य. बापाच्या निधनाची बातमी घेऊन कॉरिंथहून येणारा निरोप्या त्याच्या मनातले आईविषयीचे भय घालवावे म्हणून, ती तुझी खरी आईच नव्हे, असे सांगून टाकतो. ते निव्वळ सद्हेतूने. त्याच सद्हेतूने सारे उघडे पडते. या साखळीत दोनच कड्या काळ्या आहेत: पोर टाकायला देणे, आणि तिठ्यावरची मारामारी. बाकी सगळ्या चांगुलपणाच्या आहेत. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींतून हा अनर्थ उभा राहिला, आणि त्यात कुठेही हिशेब जुळत नाही. सोफोक्लीजने प्रेक्षकाला जे पाहायला बसवले ते हे. 'दोष' या शब्दाने आपण त्याच्यावर पडदा ओढतो.

पडदा ओढावासा का वाटतो, हा निबंधाचा पुढचा भाग झाला. इंग्लंडात टॉमस रायमरने १६७८ साली 'काव्यगत न्याय' हा शब्दप्रयोग रूढ केला. चांगल्याला चांगले आणि वाइटाला वाईट फळ नाटकात तरी मिळालेच पाहिजे, असा त्याचा आग्रह. तीनच वर्षांनी नेहम टेटने शेक्सपिअरचा 'किंग लिअर' दुरुस्त करून टाकला. त्याच्या नाटकात कॉर्डेलिया मरत नाही; तिचे एडगरशी लग्न होते आणि म्हाताऱ्या लिअरला राज्य परत मिळते. ही दुरुस्ती इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षे टिकली. १८३८ साली मॅक्रेडीने मूळ नाटक पुन्हा आणले तेव्हा कुठे ती मागे पडली. डॉक्टर जॉन्सनसारखा खंबीर मनाचा माणूसही लिहून गेला, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा आपल्याला एवढा धक्का बसला, की संपादनासाठी वाचणे भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश आपण पुन्हा उघडले नाहीत. निर्दोष माणसाचे दुःख पाहणे इतके अवघड असते.

हे केवळ नाटकातच घडते असे नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप होऊन हजारो माणसे मेली. हे अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे असे गांधीजींनी म्हटले. अस्पृश्यता पाप आहेच. पण भूकंपात दलितांची घरेही पडली. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीरपणे हरकत घेतली, की सृष्टीतल्या उत्पाताची कारणे सृष्टीतच शोधली पाहिजेत. गांधीजींनी ती हरकत आपल्या 'हरिजन'मध्ये छापली आणि तिला उत्तरही दिले. एवढ्या करुणेच्या माणसालाही आपत्तीमागे पाप असावेसे वाटले, तर आत्याच्या सासरच्यांना वाटले यात नवल कसले? पाप सापडले की जगाचा कारभार सुरळीत आहे असे वाटते. शिवाय ते पाप आपण केलेले नसते, म्हणून आपल्याला तेवढे भय उरत नाही. समोरच्याचा डावा पाय दिसला की आपला उजवा सुरक्षित वाटू लागतो.

आपल्याकडे याला उत्तर म्हणून पूर्वजन्म काढतात. या जन्मी दोष दिसत नाही ना, मग मागच्या जन्मी असेल. मला वाटले, ही बाजू निबंधात मांडली नाही तर कोणीतरी नक्की विचारील. म्हणून महाभारतातली अणीमांडव्याची कथा मी त्यात घेतली. चोरांनी चोरीचा माल त्या मौनी ऋषीच्या आश्रमात लपवला, आणि राजाच्या माणसांनी ऋषीलाच सुळावर चढवले. पुढे तो धर्माकडे जाऊन विचारतो, की माझे असे कोणते पाप होते? धर्म सांगतो, लहानपणी तू पाखरांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. यावर मांडव्य मान डोलावून परत येत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! असे म्हणून तो धर्मालाच शाप देतो, आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाचे कृत्य यापुढे पाप धरले जाणार नाही असा नियम घालून देतो. तो शाप भोगायला धर्म विदुराच्या रूपाने जन्माला आला. आपल्या परंपरेत कारण सांगणारे पुष्कळ झाले. पण सांगितलेले कारण दुःखाच्या मानाने अपुरे आहे, असे देवाला तोंडावर सांगणाराही एक झाला. ही कथा मी आत्याला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चौदा का? पंधरा म्हणायचं होतं." नवरा गेला तेव्हा तिला पंधरावे लागले होते.

निबंधाचा शेवट मी सोफोक्लीजच्याच दुसऱ्या नाटकावर नेला. अगदी म्हातारपणी त्याने 'ईडिपस कोलोनसमध्ये' हे नाटक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, रंगभूमीवर आले. त्यात भटकून थकलेला आंधळा ईडिपस स्पष्ट शब्दांत आपली बाजू मांडतो. आपण केले त्यापेक्षा आपल्याला सोसावे लागले तेच जास्त. बाप समोर उभा आहे हे ठाऊक नव्हते, त्याने मारायला हात उचलला म्हणून आपण मारले. मग गुन्हा तो कोणता? कवीचा स्वतःचा निकाल यापेक्षा उघड शब्दांत मिळणार नाही.

आणि तरीही पहिल्या नाटकात ईडिपसने योकास्ताच्या वस्त्राच्या पिना आपल्या डोळ्यांत खुपसून घेतल्या आहेत. का असे केलेस, म्हणून वृद्ध विचारतात, तेव्हा तो दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. हे भोग अपोलोने आणले. पण डोळ्यांवर पडलेला हात माझा स्वतःचा. मला वाटते, शोकात्मिकेचे सारे मर्म या विभागणीत आहे. तो निर्दोष आहे, पण घडलेले आपल्या हातून घडले हे नाकारीत नाही. दोष नाही म्हणून तो सुटून जात नाही, आणि सोसतो म्हणून दोषीही ठरत नाही. दोष ही इतरांनी ठेवायची गोष्ट. जबाबदारी ज्याची त्याने उचलायची. नशिबावर हवाला टाकून तो खाली बसला असता तर त्याची दया आली असती, पण त्याच्यासमोर मान झुकली नसती.

निबंध पुरा झाला तेव्हा तो विषयाच्या बरोबर उलट गेला होता. मी संयोजकांना पत्र लिहिले, की विषय बदलून द्यावा. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यामुळे ते शक्य नाही, असे त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. तेव्हा मी हस्तलिखितात शीर्षकापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह घातले. वाचन झाल्यावर अध्यक्षस्थानी असलेल्या वृद्ध प्राध्यापकांनी चष्मा पुसत विचारले, "बाई, तुमचं म्हणणं मान्य केलं, नायकाचा दोषच नाही असं धरलं, तर प्रेक्षकानं ह्या नाटकातून बोध काय घ्यायचा?"

मी म्हटले, "शेजारच्या घरावर आपत्ती आली तर तुमचं काय चुकलं, हे पहिल्यांदा विचारायचं नाही. एवढा घेतला तरी पुष्कळ आहे."

सभेत थोडे हसू झाले. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

पुढच्या वर्षी, १९८२ च्या मे महिन्यात, माझ्या धाकट्या भावाचे लग्न झाले. घरातल्या मंगलकार्यात आत्या नेहमी माजघरात असायची. तिला कोणी तिथे बसवले नव्हते, पण बाहेर ये असेही कोणी म्हणत नसे. गृहप्रवेशाला उंबरठ्यावर माप ठेवलेले. नवी वहिनी खाली पाहत घुटमळली. तिच्यामागून कोणीतरी, उजवा हं, उजवा, असे कुजबुजत होते. तेवढ्यात आत्या माजघरातून बाहेर आली आणि मापाच्या अलीकडे उभी राहून म्हणाली, "पायाकडं नको बघू गं. कुठल्याही पायानं ये." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वहिनीने मान वर करून आत्याकडे पाहिले आणि ती आत आली. तिने कोणता पाय पुढे टाकला हे मी पाहिले नाही. तांदूळ सांडले एवढे ऐकले.

त्यानंतर मी आणखी काही नाटकांवर लिहिले. ईडिपसवर मात्र पुन्हा लिहिले नाही. अडीच हजार वर्षे माणसे ज्या नाटकावर लिहीत आली आहेत त्यात नवे असे मी काही भर घातली, असा माझा दावा नाही. एक प्रश्न जिथे ठेवलेला होता तिथून तो थोडा हलवून नीट जागी ठेवला, एवढेच. ईडिपसचे काय चुकले, हा प्रश्न ईडिपसविषयीचा नाहीच. तो विचारणाऱ्याविषयीचा आहे: दुसऱ्याचे दुःख कारणावाचून पाहत बसण्याचे धैर्य त्याच्यापाशी किती आहे, याविषयीचा. ते धैर्य एरवी आपल्यापाशी फारसे नसते. म्हणून तर नाटक लागते. दोन तास, अंधारात, शेजारच्या अनोळखी माणसांच्या सोबतीने आपण ते उसने घेतो.

चर्चासत्रातले निबंध पुढे पुस्तकरूपाने निघाले. त्यात माझ्या निबंधाच्या शीर्षकापुढचे प्रश्नचिन्ह छापखान्यात गळाले होते. माझ्यापाशी जी प्रत आहे तिच्यात मी ते निळ्या शाईने घालून ठेवले आहे.